तुमची अकरा पानं

रविवार, १४ तारीख

विहीणबाई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही चष्मा दोनदा पुसला असेल. दहा वर्षांच्या सोयरिकीत मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. विहिणींनी एकमेकींना पत्र लिहावं म्हणजे एकतर लग्न ठरलेलं असतं किंवा मोडलेलं. तसं काही नाही, घाबरू नका.

इकडे सगळे ठीक. तुमच्या मुलीचा खोकला गेला. माझ्या मुलानं दाढी वाढवली आहे. ती त्याला शोभत नाही, पण कुणी बोलत नाही म्हणून मीही गप्प आहे. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. तुमचे गुडघे कसे आहेत? लेकाकडे दोन जिने चढावे लागतात असं ऐकलं. जपून असा.

भिंगरी बरी आहे. तिचा पुढचा दात पडला. पडलेला दात तीन दिवस मुठीत घट्ट धरून होती, आंघोळीतसुद्धा. हल्ली पांढऱ्या पदार्थांबरोबर पिवळे पदार्थही चालतात.

आणि मुख्य बातमी: तिच्या उपचारांचा सरकारी भत्ता मंजूर झाला. गेल्या मंगळवारी कागद आला. दोन वर्षांसाठी आहे, मग पुन्हा तपासणी. बोलण्याचे उपचार बंद पडले होते, ते आता पुन्हा सुरू होतील.

एकदा नाकारलेला अर्ज दुसऱ्यांदा मंजूर कसा झाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. मी तुमच्या मुलीला म्हटलं, “तू आईला फोनवर सांग ना.” ती भांडी पुसत होती. वर न बघता म्हणाली, “मी सांगणार नाही. तुम्ही तुमच्या हातानं लिहा.”

म्हणून लिहायला बसले. पण आधी थोडं दुसरंच सांगते.

भिंगरी दोन वर्षांची झाली तेव्हा मी तिच्यासाठी सात फ्रॉक शिवून आणले होते, आठवतं? एकाही फ्रॉकात ती दोन मिनिटं टिकली नाही. अंगावर निखारे पडल्यासारखी किंचाळायची. तुम्ही त्यातला एक उचललात, उलटा केलात, शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत, आणि तिला घातलात. दिवसभर ती तो घालून गरगर फिरली. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. मीही हसले. विहीणबाई, चाळीस वर्षं मशीनवर पाय मारलेली बाई मी, आणि माझी नात माझ्या शिलाईची उलटी बाजू जगाला दाखवत फिरतेय आणि शाबासकी तुम्हाला! त्या दिवशी पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध सापडलं नाही.

भिंगरी हे नावही तुमचंच. मी ‘राणी’ म्हणून पाहिलं. तिनं मान वळवली नाही. तुम्ही सोफ्यावर बसलात की ती येऊन तुमच्या कोपराला कपाळ टेकायची. मी बसले की मला वळसा घालून जायची, जसं आपण टेबलाला घालतो.

आणि या घरात ‘आई’ म्हणजे तुम्ही. “आईंना विचारू,” “आई असत्या तर.” माझा स्वतःचा मुलगा ‘आई’ अशी हाक मारायचा, आणि मी ‘ओ’ द्यायला तोंड उघडेपर्यंत तुमचं उत्तर आलेलं असायचं.

अर्जाच्या वेळी डॉक्टरांच्या कागदांबरोबर दोन निवेदनं मागितली होती. आईवडील सोडून मुलीला जवळून ओळखणाऱ्या दोघांची. तिला काय जमत नाही आणि कुठे कुठे मदत लागते, ते लिहायचं होतं. दोघी आज्यांना एकेक फॉर्म आला. चार दिवसांनी मुलाचा मला फोन आला. “अगं, आईंनी अकरा पानं लिहिली! जादा कागद जोडले. तू पानभर तरी लिही.”

पानभर तरी.

मी टेबलाशी बसले आणि हात पुढे सरकेना. ती झोपेतून कितीदा उठते? दात कोण घासून देतं? कशाला घाबरते? तुम्ही बारा महिने तिच्याजवळ, आणि वर्षातून दोन-तीनदा येणारी पाहुणी मी, मला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. ‘मला ठाऊक नाही’ असं लिहिलं असतं तर निदान खरं झालं असतं. पण तुमच्या अकरा पानांशेजारी हे तीन शब्द ठेवायचे?

आज इथेच थांबते.

सोमवार

काल थांबले ते लाजेनं. आता एका दमात लिहून टाकते. मी त्या फॉर्मवर लिहिलं होतं:

“माझ्याकडे असताना मुलगी आपल्या हातानं जेवते. रात्रभर सलग झोपते. कपडे स्वतः घालते, बटणं लावते. मला आजी अशी हाक मारते. तिला विशेष मदतीची गरज नाही, तिला समजून घेणारं माणूस हवं.”

शेवटचं वाक्य तुमच्यासाठी होतं.

निवेदन परस्पर कार्यालयात पाठवायची सोय होती. मी ते कुणाला न दाखवता पाठवलं. भत्त्याचं काय होईल हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. कुणीतरी सरकारी माणूस दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचेल आणि म्हणेल, या आजीकडे मुलगी किती चांगली राहते, एवढंच मला दिसत होतं.

त्यानं ती शेजारी ठेवून वाचली खरी. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं, “दोन निवेदनांत तफावत आढळते. एका निवेदनात अडचणी वाढवून सांगितल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.” मी त्या आठवड्यात इथेच आले होते. माझा मुलगा तुमच्या मुलीवर ओरडला, “अकरा पानं लिहायला कुणी सांगितलं होतं? तुझ्या आईनं राईचा पर्वत केला आणि पोरीचं नुकसान झालं!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू काय लिहिलं होतंस?”

मी म्हटलं, “जे दिसलं ते.”

तुम्ही आतल्या खोलीत तिचे केस विंचरत होता. तुम्हाला सगळं ऐकू गेलं. एका वाक्यात मी तुम्हाला सोडवू शकले असते, पण मी मिठाची गुळणी धरून बसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी भरून लेकाकडे निघालात. खिडकीतून तुम्हाला कोपऱ्यावर वळताना पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, आता माझी पाळी.

पाळी आलीच माझी.

तिसऱ्याच दिवशी मी माझी शिलाईची मशीन घरून मागवून मधल्या खोलीत मांडली. घरी दोघीच होतो. चाक फिरताना पाहून ती खूश होईल असा माझा हिशेब. सुई खडखडायला लागली आणि तिनं कान दाबून भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. मी ओरडले, धरायला गेले, तर ती आणखी जोरात आपटायला लागली. मला रडू फुटलं. तेव्हा तुमची अकरा पानं आठवली. फाइल कपाटात होती, तिच्यात तुमच्या निवेदनाची प्रत होती. सातव्या पानावर सापडलं: “डोकं आपटत असताना बोलू नये, ओढू नये. आपला तळवा भिंत आणि तिचं कपाळ यांच्यामध्ये ठेवावा. ती थांबते. वेळ लागतो.”

मी तळवा ठेवला. वेळ लागला. दोन बोटं अशी सुजली की आठवडाभर सुई धरता आली नाही. पण ती थांबली.

त्या दुपारी ती झोपल्यावर मी पहिल्यापासून अकराव्या पानापर्यंत सगळं वाचून काढलं. एकही शब्द वाढवलेला नव्हता. उलट तुम्हाला ती किती वेळा चावली, हे तुम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. तुमच्या मनगटावर असायच्या तशाच खुणा आता माझ्या मनगटावर आहेत, म्हणून कळलं. वाचताना शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्या बरोबरीनं दुसरंही वाटत होतं. एवढं सगळं तुम्हाला कसं माहीत? इतकं जवळ तिनं तुम्हालाच का येऊ दिलं?

तरीही मी तीन महिने काढले, विहीणबाई. रोज ठरवायचे, आज सांगते. तुमच्या मुलीनं काम कमी करून दुपारपुरतं ठेवलं, उपचार बंद झाले, नवराबायकोचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं, आणि मी आपली चादरींच्या घड्या घालत होते. मग नाकारलेल्या अर्जाच्या फेरतपासणीची तारीख आली आणि दोघी आज्यांना हजर राहायला सांगितलं. तुम्ही कळवलंत, प्रवास झेपणार नाही. मला गुडघ्यांचं कारण खरं वाटलं नाही.

कार्यालयात एक बाई होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी माझा फॉर्म पुढे केला. “आजी, हे तुमच्या अनुभवावरून लिहिलंय ना?”

मी म्हटलं, “नाही. ते सगळं खोटं आहे.”

माझ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. तुमच्या मुलीनं पाहिलंच नाही.

“मग असं का लिहिलंत?”

“विहिणीच्या पुढे मी कमी पडू नये म्हणून. तिची अकरा पानं खरी आहेत. अक्षर न् अक्षर.”

बाईंचं पेन अडलं. “कारणाच्या रकान्यात काय घालू? गैरसमजातून?”

“गैरसमज कसला? मला सगळं नीट समजत होतं. जळत होते, असं लिहा.”

त्यांनी तसं लिहिलं नाही. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, फक्त खाली सही केली.

घरी आल्यावर माझा मुलगा एवढंच म्हणाला, “मी आईंना काय काय बोललो.” त्यानं तुम्हाला फोन केला होता म्हणे, तुम्ही उचलला नाहीत. त्याच्यावरचा राग माझ्या नावावर करा.

क्षमा मागते. हात जोडून, कसलंही कारण पुढे न करता.

इथे सही करून पाकीट बंद करता आलं असतं. सुनेनं एवढंच सांगितलं होतं. पण एक गोष्ट अशी आहे जी तिलाही माहीत नाही, कारण त्या वेळी ती कामावर असते.

तुम्ही दुपारी चार वाजता तिला कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात न्यायचात ना, मशीनमधले कपडे गरगर फिरताना बघायला? तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं तुमच्या जुन्या चपला शोधून आणल्या, दाराशी जोडीनं मांडल्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून. आणि उभी राहिली. पाऊण तास. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, चल, मी नेते. ती जागची हलली नाही. चौथ्या दिवशी मी त्या चपला कपाटावर, मागे, ढकलून दिल्या. वाटलं, दिसल्या नाहीत की विसरेल.

ती चपलांशिवाय उभी राहते. गेले चार महिने, रोज.

आज त्या खाली काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि दाराशी ठेवल्या. तिनं त्या उचलून बघितल्या, वास घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवल्या.

तुम्ही आलात की ती मला पुन्हा वळसा घालून जाईल, हे मला पक्कं माहीत आहे. ते बघताना मला त्रास होईल, तेही मला माहीत आहे. तिकीट माझा मुलगा काढून देईल. स्टेशनवर मी येते, गुडघ्यांना त्रास होऊ देणार नाही.

या. चारच्या आधी पोहोचेल अशी गाडी बघा.

तुमची अपराधी,
भिंगरीची दुसरी आजी