'तिसरा मजला'चा कर्ता

ता. ३ मार्च २००४

चि. बंड्या यास आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक. तुझ्या पुस्तिकेची कच्ची प्रत पोहोचली.

'तिसरा मजला' ही जॅझची धून तुझ्या वडिलांनी, तुझी आई माहेरी गेली असताना, विरहाच्या भरात रचली, असे तू नव्या रेकॉर्डसाठी लिहिले आहेस. तुझी आई कुठेही गेलेली नव्हती. ती स्वयंपाकघरात होती आणि "आधी तो भोंगा बंद करा!" असे ट्रम्पेटला उद्देशून ओरडत होती.

धून चढत जाते आणि वरच्या सुराच्या अलीकडे अडते. ह्यात तुला 'प्रीतीची अपूर्णता' दिसली. तुझी आत्या, म्हणजे आमची ताई, बटणांच्या दुकानात कामाला होती. दुकान तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद. शेवटच्या पायरीआधी तिला धाप लागे. ती धाप तिने घरी येऊन पियानोवर बसवली.

मी जन्मभर मुद्रिते तपासली. अशुद्ध मजकुराचा मला संताप येतो. तुझ्या मजकुराची किळस आली. पाने खाली ठेवून मी हात धुतले.

'दादाने धून रचली.' 'ताईने धून रचली.' क्रियापदाकडे पाहा. कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या मागे जाते. कर्ता बदलला तरी त्याला पत्ता लागत नाही. चोरीला ह्याहून सोयीचे वाक्य नाही. हा शब्द दादाबद्दल लिहायचे मी आजवर टाळले होते.

पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दादा माझ्यासमोर म्हणाला, "बाईचं नाव दिसलं तर क्लबवाले हात लावणार नाहीत, ताई. घरातलंच आहे ना?"

"घरातलंच आहे तर माझंच घाल की!"

"पुढच्या वेळी. शप्पथ."

पुढे दोनदा वेळ आली. शपथ आली नाही.

काल ताईने पुस्तिका वाचून दाखवायला लावली. तिला आता दिसत नाही. ऐकून हसली. "पोरगं थापा मारतं छान. थेट दादा!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी कुठे आहे रे?"

मी चष्मा पुसत बसलो.

"संपली पानं?"

"एक राहिलंय."

"मग वाच ना."

ते मी वाचले नाही. दिवा गेला म्हणालो. तिला दिव्याचे काय कळणार!

सोमवारी मजकूर छपाईला जाणार, असे तू कळवतोस. त्याआधी पुढील दुरुस्त्या कर आणि छापील प्रत स्वतः येऊन आत्याला वाचून दाखव. पुढची वेळ आता तिच्याजवळ नाही.

धून रचली: नोव्हेंबर १९५८, ताईने. १९६२ नव्हे.

पहिले ध्वनिमुद्रण: ९ एप्रिल १९६२. ट्रम्पेट दादा, पियानो ताई. 'पियानोवादक अज्ञात' हे खोडावे.

दुसरे, गायिकेचे: १९६८. १९७० नव्हे.

तिसरे, सॅक्सोफोनवाल्याचे: १९८१. दादा तेव्हा हयात होता व मानधन घ्यायला स्वतः गेला होता. 'मरणोत्तर' काढावे.

शेवटचे पान, आभार, 'कै. आत्या': ताईचा जन्म १९३३. मृत्यू झालेला नाही.

ताईचा धाकटा भाऊ