आईचा स्कार्फ

मंगळवार, संध्याकाळ

बाळ झोपलंय तोवर लिहून घेते. बाळंतीण झाल्यापासून डोकं ठणकतंय आणि आईचं निदान एकच, कानात वारं शिरलं. दुखलं की ती डोक्याचा स्कार्फ आणखी आवळते. आज डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी बीपी पाहिलं, लघवी तपासली, तेव्हा मला धडकीच भरली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी स्कार्फ सोडला, कपाळावरचा वळ बघितला आणि म्हणाल्या, "हा सैल ठेवा." तिथेच डोकं हलकं झालं. मी स्वतःच का नाही सोडला इतके दिवस? रिक्षात बसताच आईने वारं लागेल म्हणून तो पुन्हा करकचून बांधला. वाटेत सातपूर येईपर्यंत ठणका पुन्हा सुरू. आई म्हणते, "तुझ्या डॉक्टरांचा गुण सातपूरपर्यंतच टिकला."