थडी तुटते

१८ मे १९५८

आणखी एक बाभूळ गेली. पूर नाही, पाऊस नाही — नुसत्या उन्हाने! काळी माती आकसून भेगाळली आहे. भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. थडीची अख्खी फाक सुटली आणि पैनगंगेच्या पात्रात जाऊन पडली.

आता नदी आणि बाळ यांच्या मध्ये एकच बाभूळ.

गेल्या श्रावणात गेलं ते. बारसंही झालं नव्हतं. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. बाया जात नसतात. यांनी आणि मामंजींनी नेलं. मी बाळंतिणीच्या खोलीत, दार लावलेलं. जागा यांनी दिवाळीनंतर दाखवली — वर एक पांढरा गोटा.

२ जून

सासूबाईंना म्हटलं, बाळाला घरामागे आणू या.

"पुरलेलं कोनी उकरते काय व? शिकेल सून आनली, अन् हे आयकाचं राह्यलं होतं!"

हे जेवत होते. मान वर केली नाही.

३ जून

नव्या तुटलेल्या कड्यात वेड्या राघूंनी बिळं केली आहेत. थडी सरळ तुटते म्हणून त्यांना घर मिळतं. पाहवेना.

७ जून

थडीला गोटे लावू म्हटलं. हे म्हणाले,

"नदीले गोट्यानं कोनी अडवलं काय?"

मग उठले आणि गाडी जुंपली.

१५ जून

रोज एक खेप. बरडाच्या माळावरून काळे गोटे आणायचे, थडीवर रचायचे. माझ्या हातांची सालं निघाली. यांच्याही.

तांड्यातला रामधन वाटेत भेटला. "वहिनी, तुमचं वावर तं चाललं आंध्रात! आतापासूनच तेलुगू शिकून घ्या!" त्याच्या गाडीवरचे सगळे हसले. मीही हसले.

पण खरंच आहे. नदी आमच्याकडे वळते, धार आमच्या थडीवर आपटते. पलीकडे, आंध्राच्या बाजूला, पाणी मंद, तिथे ती सगळं टाकते. परवापरवापर्यंत तिथे डोह होता. आता वाळू आहे, वाळूवर झाऊची झुडपं उगवली आहेत. नदीला दोन्ही थड्या सारख्याच. आपल्यालाच नसतात!

२९ जून

गावाची पेरणी झाली. आमची नाही.

मामंजी अंगणात ओरडले — "तिफन पडून हाय, अन् हा गोटे वाहून राह्यला! वावरात गोटेच पेरतं काय यंदा?"

वाटलं, आता हे थांबतील. यांनी गाडी बाहेर काढली.

१६ जुलै

शेवटची बाभूळ गेली. गोट्यांसकट!

भेगांमधून पाणी आत मुरलं. माती फुगली, जड झाली. वर आमच्या गोट्यांचं ओझं. थडी खालून खचली. म्हणजे रचून रचून मीच ढकलली का? कुणाला विचारू?

१७ जुलै

पुन्हा गोटे.

२ ऑगस्ट

पूर. घरात बसूनही थडी कोसळल्याचा आवाज येतो. प्रत्येक आवाजाला उठून उभी राहते. सासूबाई म्हणतात, जेव. मी पुन्हा दाराशी जाते.

३ ऑगस्ट

मी गेलेच. कुदळ घेऊन, भर पावसात. पांढऱ्या गोट्याच्या जेमतेम हातभर पुढे पाणी. विटाळ लागो, पाप लागो, ते माझं आहे, मी नेणार!

पहिला घाव घातला. हे मागून धावत आले. मनगट धरलं.

"नोको उकरू."

"काहून? तुमचं नव्हतं का ते?"

मी हात सोडवून घेतला. पुन्हा घाव. चिखल. पुन्हा. तेव्हा ते तिथेच मटकन बसले आणि बोलले.

४ ऑगस्ट

तिथे काही नाही. नव्हतंच. त्या दिवशीही असाच पाऊस होता. खणलं की खड्डा पाण्याने भरायचा, चिखल परत आत घसरायचा. शेवटी दोघांनी बाळ नदीतच सोडलं. गोटा मागाहून ठेवला, मला कुठे तरी बसता यावं म्हणून.

आणि हे ठाऊक असून, पेरणी टाकून, बापाची बोलणी खाऊन, हा माणूस माझ्यासोबत गोटे वाहत राहिला.