केसांतलं गंधक

२० एप्रिल १९३१
उद्या दादाचा दहावा. वहिनी माजघराच्या दारात आल्या. "भावजी, माझे केस राहू द्या असं सासूबाईंना सांगाल? तुमचं ऐकतील त्या." बघतो म्हणालो. वर्गात सुधारणेवर तासभर बोलणारा मी!

२१ एप्रिल
नाही सांगितलं. आई रडत होती, वेळ बरी नव्हती वगैरे. सगळ्या सबबी. माझं डोकं तळ्याकाठी भादरलं, वहिनींचं मागच्या पडवीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

४ मे
सुट्टी. शाळेच्या परीक्षानळ्या घरी आणल्या. अमिनो आम्लं उकळत्या पाण्यात किती टिकतात ते पाहायचंय. ग्लायसीन बाटलीत आहे, सिस्टीन केसांतून काढावं लागेल. कापलेले केस टाकू नकोस म्हणून गणू न्हाव्याला मागेच सांगून ठेवलेलं. आज पुडकं देऊन गेला. "मास्तर, लई लांब हायत. बगा की." कुणाचे ते विचारलं नाही.

९ मे
केस तेजाबात शिजवून सिस्टीन निघालं. षट्कोनी स्फटिक. फार सुरेख.

१० मे
ग्लायसीन दिवसभर उकळलं, ढिम्म. सिस्टीनच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला मात्र, सिस्टीन तुटलं. कुजका भपका, गंधक ओळखायचा शिशाचा कागद काळा. आई नाकाला पदर लावून आली. "ब्राह्मणाच्या घरात अंडी उकडतोस?"
"अंडी नव्हेत गं, केसांतलं गंधक सुटतंय." ऐटीत सांगितलं.
वहिनी भाजी चिरत होत्या. "कुणाचे केस, भावजी?"
"गणूच्या दुकानातले."
चिरलेली भाजी ताटात सारत म्हणाल्या, "माझे कुठं टाकले असतील त्यानं?"
स्टोव्ह बंद केला.

११ मे
गणूला गाठलं. "व्हय मास्तर, तुमच्याच घरचे की. केस टाकू नगंस, तुमीच म्हनला हुता न्हवं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुडक्यात एक बट उरली आहे. टाकवत नाही, परत देववत नाही. वहिनींना काय तोंडानं सांगू?
गणू वर म्हणतो, "बुधवारी येतो की. वैनीबायचं डोकं करायला."

१३ मे, बुधवार
माझं डोकं हाताला खरखरीत लागतं. केस उगवलेत, कुणाची हरकत नाही. वहिनींचेही उगवले असणार, म्हणून तर गणू यायचाय. सकाळपासून आईशी बोलायचं म्हणतोय. ती देवघरात. दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, आणि बसलोय हे लिहीत. लाज वाटते.
दार वाजतंय. गणूच.
वहिनी पडवीतून विचारताहेत, "भावजी, दार मी उघडू, का तुम्ही जाताय?"