उजवीकडची चार बोटं

…स्क्रीनवर होडीच्या डेकची उजवीकडची फळी ओढली की डावीकडचीही तेवढीच रुंद व्हायची, मामा, आणि मधला मासळीचा कप्पा दोन्हीकडून आवळत जायचा. (नमस्कार राहिला. तो करते. मामीचा गुडघा अलोऱ्याच्या चढावर काय म्हणतो? तुम्ही मोबाइलवर दहा ओळींपुढे वाचत नाही, म्हणून कागद.) मागे बसलेले आत्मारामकाका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काय गो रुचिरा, ह्या कप्प्यात बांगडे एकेक करून सोडायचे काय?"

चूक माझी. काकांच्या मांडवीच्या शेडमध्ये आजवर होड्या डोळ्याच्या मापाने झाल्या. ही पहिली, जिच्या डेकचं प्लाय माझ्या नकाशावरून मशीनवर कापायचंय, उद्या सकाळी आठला. नकाशा फसला तर काका पुन्हा डोळ्यावर जाणार आणि मी घरी. मी जुन्या होडीची फक्त डावी बाजू मोजली. उजवी तशीच असणार असं धरलं. (तुम्ही दोन्ही मोजल्या असत्यात. ठाऊक आहे.) पण जाळं उजवीकडून ओढतात, माणसं तिथे उभी राहतात, म्हणून काका उजवी फळी चार बोटं जास्त ठेवतात. माझ्याखेरीज सगळ्या मांडवीला हे माहीत होतं.

सॉफ्टवेअरमध्ये रेषांना अटी घालता येतात: ही तिला समांतर, ह्या दोघी समान. मी भीतीपोटी चाळीसेक घातल्या होत्या. वैतागून सगळ्या काढून टाकल्या, एका रेषेला धक्का दिला, आणि अख्खा डेक विस्कटला. काका म्हणाले, "आता काय, मासळी सुकत घातलीस?"

सगळं परत आणलं आणि एकेक अट वाचत गेले. दोष एकीचाच होता: दोन्ही फळ्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर राहोत. तेवढी काढली. उजवी चार बोटं सरकली, डावी जागची हलली नाही. मामा, मला आधी रडू आलं, मग भूक लागली.

तुमची भाची,
रुचिरा

ता. क. नकाशा तुम्ही तपासलाय, असं मी काकांना सांगून ठेवलंय. (कोयनेच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाचं नाव त्यांना पुरतं.) फोन आला तर हो म्हणा. पत्र खरं त्यासाठीच.

ता. क. २. हे पत्र आठच्या आत पोहोचणार नाही, हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं.

पाकिटामागे, सकाळी: प्लाय कापलं. दोन्ही फळ्या बसल्या. काकांनी तुम्हाला कालच फोन केला होता म्हणे, आणि तुम्ही विचारलंत, "कुठला नकाशा?" तरीही मशीन काकांनीच सुरू केलं.