अक्का नसताना अडवलेला वार

ती. अक्कास,

मेलकावेरीहून वसंताचा नमस्कार. तुझे गुडघे पुण्याच्या थंडीला कसे तोंड देताहेत? तुझ्या लेकाला, साईकुमारला, नि सूनबाई सौंदर्याला आशीर्वाद. नातू आता तुला सोडून इतर कुणाकडे जातो का? इकडे सर्व क्षेम आहे. (डावी बरगडी सोडून. त्याचंच सांगायला बसलेय. फोनवर तू मधेच रागावतेस, पत्रात रागावता येत नाही.) पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून झालेल्या आपल्या घरच्या मराठीला तुझ्या सोसायटीतल्या बायका हसतात म्हणालीस, म्हणून हे पुस्तकी मराठीत लिहितेय. टेबलावर उघडं राहिलं तरी तुझी लाज जाणार नाही.

तू नातवासाठी पुण्याला गेल्यापासून संध्याकाळची कॉफी मी अजून दोघींची करते आणि दोन्ही पेले मीच पिते. मग झोप येत नाही. डॉक्टर म्हणाले, योगासनं करा. लग्नाच्या कल्याणमंडपात वर्ग असतो असं कळलं, गेले, आणि चुकीच्या दारातून आत शिरले. आत तलवारबाजी चालली होती. चंद्रमौली मास्तरांनी इतक्या अदबीनं खुर्ची दिली, की 'चुकून आले' म्हणायला जीभ रेटेना. (तुझी रेटली असती.) पुढच्या आठवड्यात मी जाळीचा मुखवटा नि जाड जाकीट घालून, बोथट तलवार धरून उभी. आरशात पाहिलं तर थेट मधमाश्यांचं पोळं काढायला निघालेली बाई.

धारेचा वार मला लवकर जमला, तो बाजूनं येताना दिसतो तरी. टोकाचा वार दिसतच नाही गं. सरळ अंगावर येणारं टोक म्हणजे नुसता एक ठिपका; तो मोठा झालाय असं वाटेपर्यंत छातीत बसलेला असतो. मी दर वेळी सरळ मागं पळायची आणि भिंतीला टेकायची. मास्तर म्हणाले, अम्मा, मागं नको, तिरकं बाजूला सरा, आणि मुठीजवळच्या पात्यानं समोरचं टोक जरासं लोटा. जरासंच! मी मात्र वाळवणावरचा कावळा हाकलावा तशी तलवार फिरवायची, आणि समोरची कीर्ति (बँकेत असते, फार गोड मुलगी) आपलं टोक माझ्या तलवारीखालून काढून बरगडीत खुपसायची. वर 'सॉरी आंटी' म्हणायची.

गेल्या रविवारी तिरुविडैमरुदूरला आमचे सामने झाले. लोक जमले होते. कीर्तिचं टोक आलं, आणि काय झालं देव जाणे, मी पळाले नाही. पाय आपोआप तिरका पडला, मनगट एवढंसं वळलं, तिची तलवार माझ्या खांद्याशेजारून रिकामी निघून गेली. मी आपल्या भाषेत ओरडले, "अडविलें की गे अक्का!" आणि पहिल्या रांगेकडे वळून पाहिलं.

तिथं एका खुर्चीवर कुणाचीतरी छत्री होती. बाजूचे गृहस्थ तमिळमध्ये विचारत होते, बाई कुठल्या देशाच्या?

तेवढ्यात कीर्तिचा दुसरा वार बरगडीत. (तुझ्या लक्षात आलंच असेल, चूक तुझी आहे.) सामना हरले. बसमध्ये सगळ्यांनी माझं कौतुक केलं, मीही हसले. घरी येऊन झालेलं सगळं आपल्या भाषेत मोठ्यानं सांगितलं, स्वयंपाकघराला. तिथं कुणी 'पुढं?' म्हटलं नाही.

बाकी मी मजेत आहे. करमत नाही वगैरे काही मनात आणू नकोस.

तुझी,
वसंता

ता. क. बरगडीला काही झालेलं नाही. तुला काळजी वाटावी म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. काल कीर्तिनं खरं सांगून टाकलं. मी अडवलेला तो वार तिनं मुद्दाम सावकाश केला होता. माझं वय पाहून सगळेच हात आखडतात म्हणे. मास्तर म्हणतात, समोरचा मनापासून भोसकत नाही तोवर अडवायला शिकता येत नाही. माझा उपमा चिकट झाला तर पाहुण्यांपुढं सांगणारी तू; तू हात आखडणार नाहीस. परतीचं तिकीट इकडून काढू का? पुण्यात सगळ्यांना तुझी गरज आहे, हे कळतं मला. पण अक्का, तिथं तुला भोसकू देणारं कोण आहे?