हातातली दोनच पानं

माय, तुझ्या ऑपरेशनला किती लागले असं कोणी विचारलं की मी एक आकडा सांगतो आणि समोरचा मान हलवतो. खरी किंमत वेगळी होती. एकवीस दिवस, कुहीला मामाकडची धानाची कापणी, आणि मामाच्या ओसरीत बसून तुला खायचा होता तो नव्या तांदळाचा भात. तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं आणि तेवढं सगळं मी डावावर लावलं.

पत्ते मला तू शिकवलेस, हे अजून कोणाला खरं वाटत नाही. सक्करदऱ्याच्या आपल्या दोन खोल्या, दुपारची भांडी झालेली, सतरंजीवर शेजारच्या बाया आणि मधे चिंचोक्यांचा ढीग. साधी तीन पत्ती तुम्हाला पुरत नसे. प्रत्येकीच्या हातात चार पानं, जमिनीवर एकेक करून तीन उघडायची, आणि शेवटी हातातली दोनच अन् जमिनीवरचं एक घेऊन जुळवायचं. कॉलेज सोडून मी घरी बसलो होतो त्या उन्हाळ्यात तू मला पाचव्या जागी बसवलंस. पहिल्याच डावात माझ्या हाती तीन एक्के. मी दोन्ही मुठी भरून चिंचोके ढकलले आणि शेजारच्या काकूंच्या सत्ती-अठ्ठी-नव्वीपुढे हरलो. "तीन एक्के घेऊन मेला वं तुया पोरगा!" काकू लोळायच्या बाकी होत्या. तू हसली नाहीस. "चालतात दोनच गा. तिसरा तुयाच हातात अडकला, म्हंजे जमिनीवर यायले एकच उरला. जे पान तुले पाहिजे होतं, ते तूच दाबून बसला."

मग रोज स्वयंपाकघरात तुझं चालू. सुपात तांदूळ पाखडतेस आणि मला विचारतेस, "चार पानं आली, चारही चार दिशेले, काय करशीन?" मी म्हणतो, एखादा डाव पाहीन. "काहून? चार पानं असली की कोनालेही आपला हात मोठाच दिसते. चारही एकमेकांले धरून असली त बस, नाही त टाक." जुळलं म्हणून नाचू नको, याहून मोठं कोणाचं जुळू शकतं ते आधी पाह, असंही म्हणायचीस. आणि सगळ्यात जास्त वेळा हे: गड्डीत आपल्या कामाची किती पानं उरली ते मोज, एक-दोन असली तर उठ. मी उठायला शिकलो. धरमपेठेत कूलरचं दुकान टाकलं ते त्याच अकलेवर. भागीदारीला आलेले तिघे मी नुसत्या बोलण्यावरून परत पाठवले. पंख्याची घरघर ऐकून कोणतं बेअरिंग गेलं ते मी सांगतो आणि गिऱ्हाइकाचं "पाहून सांगतो" ऐकून तो परत येणार की नाही तेही. माझ्या कानाची बाजारात वाहवा आहे, आणि ती मला आवडते, खोटं कशाला बोलू.

त्या दिवाळीच्या आधी तू वॉर्डात होतीस. पोटातली गाठ मोठी झाली होती. मी व्हरांड्यात डॉक्टरांना भेटून आलो, तर तू उशीला टेकून बसलेली. माझ्याकडे तेव्हा पैसा होता, गाडी होती, मोठ्या डॉक्टरची ओळख होती. तू विचारलंस, "किती पानं उरली गा आपल्या कामाची?" जणू सतरंजीवरच बसलीस. मी म्हणालो, "अर्धे-अर्धे म्हंते डॉक्टर." "एवढी?" तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "मी त समजून राहिली होती, टाकाचं अन् कुहीले जायाचं. दादानं बोलावलं आहे." "कुही कुठं पळून राहिली वं माय? बरी होऊन जाशीन." "खरं सांगतं ना?" "खरं." "मंग बस. अर्धे असले त खेळू."

ऑपरेशननंतर तू त्या खाटेवरून उठली नाहीस. मामा कापणी उरकून आला, रुमालात नवा तांदूळ बांधून. तोवर तुला पाणीसुद्धा चमच्याने. तू रुमाल नाकाशी धरलास आणि मामालाच म्हणालीस, "औंदा तांदूळ बारीक झाला रे दादा." दोन दिवसांनी, एकविसाव्या दिवशी, आम्ही तुला घरी आणलं, ते चादरीत गुंडाळून.

नातेवाईक जमले की मी अजून सांगतो, डॉक्टर वरवर नाही म्हणत होते पण त्यांच्या आवाजातला धीर मी बरोबर ओळखला, म्हणून आपण हातपाय तरी मारले. लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा. बायकोलाही मी हेच सांगितलं आहे, म्हणून हे पत्र तिच्या हाती लागू द्यायचं नाही. दुकानात बसून लिहिलं आहे, वाचून झालं की फाडणार आहे.

डॉक्टरांच्या आवाजात धीरबीर काही नव्हता. ते सरळ म्हणाले होते, "आता चिरून उपयोग नाही. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला." मी त्यांचे पाय धरले तेव्हा ते कसेबसे तयार झाले. अर्धे-अर्धे हे त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, माय. ते मी म्हटलं.